बो, गो आणि तांबडी गाय

माझी मुलगी डब्लिनला राहते आणि तिची मुलगी तिथल्या प्राथमिक शाळेत दुसरीत आहे. रविवारी आमच्याकडे दिवेलागण झाली की तिकडे दुपारची जेवणे उरकलेली असतात, आणि मग फोनच्या पडद्यावर आजोबा-नातीच्या गप्पा सुरू होतात. गप्पा म्हणजे काय, तर ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत बोलतो आणि मुलगी स्वयंपाकघरातून दुभाष्याचे काम करते. अशाच एका रविवारी नातीने आपली वही पडद्यासमोर धरली. गाईचे चित्र आणि खाली रोमन लिपीतली दोनच अक्षरे. उच्चार 'बो'. आयरिश भाषेत गाईला बो म्हणतात आणि तिकडच्या शाळांत ही भाषा पहिल्यापासून शिकवतात.

मी म्हटले, "अगं, ही तर आपलीच गाय!"

तिने वहीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "आबा, गाय 'ग'ने सुरू होते. हे 'ब'ने."

आक्षेप बिनतोड होता. चौतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे सही जुळत नसेल तर धनादेश परत करायचा, हे माझ्या अंगात मुरलेले. 'ग' आणि 'ब' यांची सही जुळत नाही हे मला मान्य करावे लागले. पण त्या दिवसापासून हा एकाक्षरी शब्द माझ्या मागे लागला तो लागलाच.

भाषाशास्त्रज्ञांचे उत्तर असे आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इराणी, जर्मानिक, केल्टिक अशा ज्या भाषा एका कुळातल्या मानल्या जातात, त्यांच्या मूळ भाषेत एक विशिष्ट ध्वनी होता. 'ग' उच्चारताना ओठांचा चंबू केला तर जो 'ग्व'सारखा आवाज निघेल, तो. पुढे घर वेगळे झाल्यावर प्रत्येक शाखेने या आवाजाची आपापल्या परीने वाटणी केली. आपल्याकडे घशाचा भाग राहिला, ओठांचा गेला, म्हणून 'गो'. केल्टिक लोकांनी ओठ ठेवले, घसा सोडला, म्हणून 'बो'. ग्रीकांनीही 'बूस' केले. जर्मानिक भाषांत ग चा क झाला, म्हणून इंग्रजांची 'काऊ'. लॅटिनमधला 'बोस' हा शेजारच्या बोलीतून उसना घेतलेला, असे जाणकार सांगतात.

एकाच शब्दावर हे म्हटले असते तर मी कर्जाचा अर्ज तिथेच परत केला असता. पण जामीनदार बरेच आहेत. आयरिशमध्ये जिवंत म्हणजे 'ब्यो', आपल्याकडे 'जीव'. बाई म्हणजे 'ब्यान', वेदातली 'जनि'. जात्याला 'ब्रो' म्हणतात, आणि सोम कुटण्याच्या दगडाला वेदात 'ग्रावन्' म्हटले आहे. (जीव, जनि मधला 'ज' हा त्याच जुन्या ध्वनीचा पुढल्या स्वराच्या संगतीने मऊ झालेला अवतार.) आपल्याकडे ग किंवा ज, तिकडे ब, आणि हे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, नियमाने. शब्दांचे नाते सिद्ध होते ते ते सारखे दिसतात म्हणून होत नाही. ते एकमेकांपासून नियमाने वेगळे असतात म्हणून होते. मला तर हा सगळ्या भाषाशास्त्रातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

हे सांगण्याचे कारण असे की आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचे भाषाशास्त्र फार लोकप्रिय आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींत एक सद्गृहस्थ आहेत, त्यांना जगातले कुठलेही गाव सांगा, ते त्याचे संस्कृत मूळ चहा येईपर्यंत काढून देतात. त्यांना मी चुकून बॉइन नदीचे नाव सांगितले. आयर्लंडच्या पूर्वेकडची ही नदी. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीने तिचे नाव 'बुविंदा' असे नोंदवले आहे. गृहस्थ उडालेच. "गोविंद! दुसरे काय?" आता मोह तर मलाही झाला होता. पण 'बुविंदा' म्हणजे पांढरी गाय. 'विंद' हे केल्टिक भाषेत पांढरे, उजळ, आजच्या आयरिशमधले 'फ्युन'. आपल्या गोविंदातला 'विंद' हा मिळवणारा, शोधून काढणारा. पहिली अर्धी सही जुळते, दुसरी नाही. त्यांनी नदीला गाय म्हटले, आपण गोदावरी आणि गोमती म्हटले, एवढे साम्य पुरेसे गोड आहे. शिवाय नाते म्हणजे मालकी नव्हे. बो ही गो ची मुलगी नाही, बहीण आहे. दोघींची आई आता कुणालाच बोलता येत नाही.

व्याकरणात तर आणखी गंमत आहे. गौः, गावौ, गावः हे ज्यांनी शाळेत घोकले त्यांना आठवत असेल की हा शब्द कुठल्याच सरळ साच्यात बसत नसे. गाम्, गवा, गोः, गवि, दर वळणावर नवे सोंग. आमचे संस्कृतचे मास्तर म्हणत, "गाय आहे, दावे तोडून पळणारच." तिकडेही तेच. आजच्या आयरिशमध्ये एक गाय बो, अनेक गाई 'बा'. पण अनेक गाईंची म्हणायचे तर पुन्हा बो. जुन्या आयरिशमध्ये गाईंना म्हणायचे असेल तर 'बुअव' असे काहीसे रूप होई आणि त्यातला शेवटचा प्रत्यय आपल्या 'गोभिः'मधल्या भिः चा सख्खा भाऊ. जे शब्द रोजच्या वापरात राहतात तेच असे वाकडेतिकडे राहतात. क्वचित लागणारे शब्द लोक नियमात बसवून टाकतात. गाय, आई, पाणी, जाणे, येणे यांना नियमात बसवायला कुणाला सवड असते? मराठीने मात्र गाईला बऱ्यापैकी वळण लावले. तरी 'गाईचे' लिहावे की 'गायीचे', यावर संपादक मंडळी आजही हमरीतुमरीवर येतात.

पण नातीला अडचण वेगळीच होती. आपण विभक्ती लावतो ती शब्दाच्या शेपटाला. आयरिश माणूस शब्दाचे शिंग पकडतो. म्हणजे शब्दाचा पहिला वर्णच बदलतो. 'बो' म्हणजे गाय, पण 'ती गाय' म्हणताना 'अन् वो'. आणि सर्वनामाची तर कमाल. त्याची, तिची आणि त्यांची या तिन्हींसाठी एकच शब्द आहे, नुसता 'अ'. मग गाय कुणाची हे कळायचे कसे? ते गायच सांगते. 'अ वो' म्हणजे त्याची गाय. 'अ मो' म्हणजे त्यांची गाय. आणि 'अ बो', जिथे गाईच्या नावाला काहीच होत नाही, ती तिची गाय. नात तीन चित्रांखाली हे तीन शब्द लिहीत बसली होती आणि दर वेळी चुकत होती. तिच्याबरोबर मीही चुकलो.

आपल्याला सोपे जाईल असेही त्या भाषेत आहे. इंग्रजीतले 'हॅव' हे क्रियापद आयरिशमध्ये नाही. 'ता बो अगम', म्हणजे गाय आहे माझ्यापाशी. शब्दांचा क्रम वेगळा, पण मालकी सांगण्याची रीत थेट आपली. मी गाय 'धरत' नाही. गाय माझ्याकडे असते. आणि लहानग्या जिवाला गाय म्हणायची हौसही दोघांना आहे. आपण शंखातल्या त्या संथ प्राण्याला गोगलगाय म्हणतो. ते पाठीवर ठिपके असलेल्या लाल किड्याला 'बोईन द्ये' म्हणतात, देवाची छोटी गाय.

या शब्दाचे गोत मोठे आहे. 'बुअखिल' म्हणजे आज मुलगा, पोरगा. मूळचा अर्थ गुराखी. रस्त्याला आयरिशमध्ये 'बोहर' म्हणतात. त्यातही गाय आहे. हजारएक वर्षांपूर्वीचा एक जुना शब्दकोश, मन्स्टरचा राजा आणि बिशप कॉर्मक याच्या नावावर असलेला, या रस्त्याची रुंदी सांगतो: एक गाय लांबीत आणि एक आडवी उभी राहील एवढी. सार्वजनिक बांधकाम खात्याला हे माप कळवायला हरकत नाही. आपल्याकडेही गाय अशीच ठिकठिकाणी लपली आहे. गोठा तर उघडच आहे, पण गोत्र म्हणजेही गाईंचे आवार. गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा, गवेषणा म्हणजे हरवलेल्या गाईचा शोध. आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला सर्वांत जवळचा शब्द, 'गोष्ट', तोही 'गोष्ठी'तून आणि गोष्ठी 'गोष्ठा'तून, म्हणजे गोठ्यातून आलेला. जिथे गुरे बांधली तिथे माणसे बसली, आणि बसली म्हणजे बोललीच.

आता या कॉर्मकच्या कोशाची हकीगत. त्याचे इंग्रजी भाषांतर जॉन ओडोनोव्हन यांनी केले होते, आणि ते टिपांसह १८६८ साली प्रसिद्ध झाले, ते कुठे? डब्लिनला नाही, लंडनला नाही, कलकत्त्याला! संपादक व्हिटली स्टोक्स. डब्लिनचे वकील, १८६२ साली हिंदुस्थानात आले, दिवसा इथले कायदे लिहीत आणि उरल्या वेळात जुनी आयरिश हस्तलिखिते सोडवीत. १८७७ ते १८८२ ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होते. वाचकांतल्या बँकवाल्यांनी ही साले पुन्हा एकदा पाहावीत. ज्या 'निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट'ने आमच्या पिढीला परीक्षेत रडवले, तो १८८१ चा. गहाणखताचे बाड ज्याच्यावर उभे आहे तो मालमत्ता हस्तांतर कायदा १८८२ चा. दोन्ही स्टोक्स यांच्या कारकिर्दीतले. मी साऱ्या नोकरीत त्या कायद्यांची कलमे पाठ म्हणत आलो आणि त्यांच्यामागे बसलेल्या माणसाच्या टेबलावर 'बो' चा अर्थ उलगडत होता, हे मला निवृत्तीनंतर कळले.

त्यांच्या आधी होऊन गेलेल्या कायदा सदस्यांपैकी एक हेन्री मेन. त्यांनी १८७५ च्या आपल्या ग्रंथात एक विलक्षण जोडी लावली. प्राचीन आयरिश कायद्यात प्रतिष्ठित माणसाकडून येणे वसूल करायचे तर धनको त्याच्या दारात उपाशी बसे. मेन यांनी लिहिले, हे तर हिंदुस्थानातले धरणे! वसुलीच्या कामात मी स्वतः कित्येक दारांत उपाशी बसलो आहे, पण तो कायदा नव्हता, एस. टी. चुकलेली असायची.

त्या समाजात दहाव्या शतकाच्या अखेरीस डब्लिनच्या नॉर्स राजाने नाणी पाडेपर्यंत नाणे नव्हते. हिशेब गाईत चाले. स्वतंत्र, बऱ्या स्थितीतल्या शेतकऱ्याला 'बो-आइरे', म्हणजे गाईचा धनी म्हणत. इ. स. ७०० च्या सुमाराच्या एका कायदेग्रंथात त्यातल्या वरच्या श्रेणीच्या शेतकऱ्याची ऐपत लिहून ठेवली आहे: वीस गाई, दोन वळू, सहा बैल, आणखी डुकरे, मेंढ्या वगैरे. आमच्या 'कर्जदाराची पत' या रकान्यात शोभावे असे. सरदार आपल्या कुळांना गाई देई आणि कुळे दरवर्षी धान्य, दूध, मांस अशा रूपाने त्याची परतफेड करीत. म्हणजे दुभत्या जनावरांची कर्ज योजना तेराशे वर्षांपूर्वी होती. मोठ्या रकमेच्या एककाला मात्र 'कुमल' म्हणत आणि एक कुमल साधारण तीन दुभत्या गाईंच्या किमतीचे. कुमलचा मूळ अर्थ दासी, गुलाम बाई. प्राचीन म्हटले की सगळे सोन्याचे होते असे मानणाऱ्यांनी, इकडचे असोत वा तिकडचे, या शब्दापाशी जरा थांबावे.

आयर्लंडचे सर्वांत प्रसिद्ध जुने आख्यान, 'तॉइन बो कूलन्ये', हेही गाईंच्या चोरीचेच, आपल्या विराटपर्वातल्या गोग्रहणासारखे. बाराव्या शतकातल्या पाठात ते राणी मेव्ह आणि राजा अलिल यांच्या शय्येवरच्या भांडणाने सुरू होते. दोघांची संपत्ती मोजली, सारखी भरली. अलिलकडे एक पांढऱ्या शिंगांचा वळू मात्र जास्त. मग मेव्ह दुसऱ्याचा तांबूस-काळपट वळू एक वर्षाच्या बोलीने उसना मागते, मोबदला पन्नास कालवडी. सौदा ठरतोही. पण दूत दारू पिऊन बडबडतात, "दिला नसता तरी हिसकावून नेला असता." झाले, युद्ध पेटते. चांगले कर्जप्रकरण शाखेतल्या कुणाच्या तोंडाळपणाने बिघडते, हा अनुभव मला नवा नाही. याच आख्यानाचा सर्वांत जुना पाठ ज्या हस्तलिखितात आहे ते ११०० च्या आसपासचे, आणि त्याचे नावच 'भुऱ्या गाईचे पुस्तक'. संत किअरान यांच्या लाडक्या गाईवरून ते पडले. १९२८ साली स्वतंत्र आयर्लंडने नाणी पाडली तेव्हा कवी येट्स यांच्या समितीने शिलिंगवर वळू निवडला. नाणे आले, पण गुरे काही हिशेबातून गेली नाहीत.

आता माझी गाय. साल १९८५ च्या आसपासचे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली आम्ही दुभत्या जनावरांची कर्जे वाटत होतो. शाखा दुष्काळी भागातली. एक विधवा बाई कर्ज घेऊन बाजारातून गाय घेऊन आली. विम्यासाठी वर्णन लिहायचे होते. बाई सांगत होती: "दुसऱ्या वेताची आहे साहेब. तांबडी. डावं शिंग जरा आत वळलंय. कपाळाला चांदवा हाय." मी नवा अधिकारी. अर्ज इंग्रजीत. रकाना दोन बोटांचा. मी 'काऊ, ब्राऊन, वन' एवढे लिहिले आणि पुढच्याला हाक मारली.

दीड वर्षाने गाय सर्पदंशाने गेली. कानातला बिल्ला त्याआधीच कुठल्या काटेरी झुडपात तुटून पडला होता. बिल्ला नसल्यावर ओळख राहिली वर्णनाची. जनावरांच्या डॉक्टरांनी दाखल्यात प्रामाणिकपणे 'रेड' लिहिले होते. माझ्या कागदावर 'ब्राऊन'. शिंगाचा, चांदव्याचा उल्लेख डॉक्टरांच्या दाखल्यात, माझ्या कागदावर काहीच नाही. दावा नामंजूर झाला. मी दोन पत्रे पाठवली, दुसऱ्याचे उत्तरही आले नाही. बाई उरलेले हप्ते रोजगार हमीवर खडी फोडून फेडत राहिली. दर महिन्याला खिडकीपाशी येई, पासबुक पुढे करी. एकदाच म्हणाली, "म्या तर तांबडी सांगितली हुती."

ती चूक विमेवाल्यांची नव्हती. नियमाप्रमाणे ते वागले. चूक माझी होती. समोरच्या माणसाकडे नेमका शब्द होता आणि मी तो माझ्या भाषेतला असूनही कागदावर घेतला नाही, कारण कागदाची भाषा वेगळी होती. गाभण, भाकड, दुभती, कालवड, गोऱ्हा, खोंड, वेत: हे शब्द म्हणजे त्या बाईचा ताळेबंद होता. आम्ही त्याचे भाषांतर केले आणि त्यात रक्कम हरवली.

आयरिशमध्ये अशा रंगाला शब्द आहे, 'रुआ'. रक्ताचा, रंगवलेल्या दाराचा लाल तो 'दर्ग'. केसांचा, गुरांच्या कातडीचा लाल तो 'रुआ'. आणि तपकिरी आणखी वेगळा, 'दौन'. गुरे पाळणाऱ्यांची भाषा या बाबतीत गफलत करत नाही. गफलत दुसरीच भाषा लिहिणारा कारकून करतो.

आणि आता तिथे काय चित्र आहे? आयर्लंडमध्ये माणसे पन्नास लाखांच्या थोडी वर आणि गुरे सत्तर लाखांच्या घरात. पण बहुतेक गोठ्यांत बोलणे चालते ते इंग्रजीत. १८४५ ते ४९ च्या दुष्काळात आयरिश बोलणारी गरीब कुटुंबेच मेली किंवा देशोधडीला लागली. जी उरली त्यांनी पोरांना इंग्रजी शिकवले, कारण बोटीचे तिकीट इंग्रजीत मिळत होते. १९३७ च्या राज्यघटनेत आयरिश ही पहिली राजभाषा. २००७ पासून युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा. शंभर वर्षे शाळेत सक्ती. २०२२ च्या जनगणनेत जवळजवळ एकोणीस लाख लोकांनी सांगितले की आपल्याला ती येते; पण शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले सुमारे ७२ हजार. सक्ती व्यर्थ गेली असे मी म्हणणार नाही. ती नसती तर माझ्या नातीच्या वहीत ते चित्रही नसते. पण वही आणि गोठा यांच्यामधला तो 'बोहर' काही केल्या बांधला गेला नाही.

२०२४ सालच्या सप्टेंबरच्या ३० तारखेला आपल्या राज्य सरकारने देशी गाईला 'राज्यमाता' घोषित केले आणि चारच दिवसांत, ३ ऑक्टोबरला, केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. एकाच आठवड्यात दोघींना पदवी मिळाली. मलाही आनंद झाला, पेढे खाल्ले. पण बँकेत असताना एक गोष्ट शिकलो होतो. खात्याला नाव कितीही भारदस्त द्या, उलाढाल नसेल तर ते निष्क्रिय खात्यांच्या यादीत जाते. मराठीची उलाढाल कुठे होते? २०२० च्या कायद्याने ती सर्व शाळांत सक्तीची केली, चांगले झाले. पण विम्याचा अर्ज, डॉक्टरांचा दाखला, फोनवरचे कर्जाचे करारपत्र? तिथे 'वेत' हा शब्द लिहायला आज जागा आहे का? मी पुढाऱ्यांना विचारत नाही. माझ्यासारख्या टेबलामागे बसलेल्या हजारो मराठी माणसांना विचारतो आहे, ज्यांच्या हातात तो दोन बोटांचा रकाना असतो.

मला हा उपदेश करण्याचा फारसा अधिकार नाही, हेही सांगून टाकतो. बदल्यांच्या नोकरीत सोयीचे म्हणून मी मुलीला इंग्रजी शाळेत घातले. ती मराठी बोलते, वाचताना अडखळते. माझी एकही कादंबरी तिने पुरी वाचलेली नाही. तिची मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलते, यात आश्चर्य ते काय?

परवा रविवारी नातीला गृहपाठ होता: गाईविषयी तीन वाक्ये. तिने विचारले, "आबा, तुमच्याकडे कधी गाय होती?"

म्हटले, "माझ्याकडे नव्हती. एका बाईंची होती."

"कुठल्या रंगाची?"

"तांबडी."

तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. 'ड' तिला नीट जमला नाही. मग वहीत खाली मान घालून लिहू लागली. मी विचारले, काय लिहिलेस? तिने वही पडद्याजवळ आणली. 'अ बो'. या वेळी पहिले अक्षर तिने बदलले नव्हते. पुढे लिहिले होते, 'रुआ'.